दिसलं किती, वाटलं किती

वह्या मिटा. आज लिहून घेण्यासारखं काही सांगणार नाही. लिहून घेण्यात तुम्ही हुशार आहात, हे मला काल उत्तरपत्रिका तपासताना कळलं. प्रमाण, विपर्यय, विकल्प, निद्रा, स्मृती. पाचही वृत्ती सगळ्यांनी ओळीने लिहिल्यात. विपर्ययाची व्याख्या एकानेही चुकवलेली नाही. वस्तू जशी नाही तशीच ती आहे असं घट्ट धरून बसलेलं खोटं ज्ञान, हे प्रत्येकाने आपापल्या शब्दांत नीट मांडलंय. आणि हे लिहिणाऱ्या याच हातांनी सोमवारी मावशींची पिशवी उघडली.

काय घडलं ते तुमच्यापैकी एकानेही मला येऊन सांगितलं नाही. मावशींचा चेहरा उतरलेला दिसला म्हणून मी विचारलं, तेव्हा कळलं. शिबिराच्या वर्गणीचं पाकीट कपाटात नव्हतं. दुपार संपायच्या आत तुमचं ठरून गेलं की ते मावशींनी घेतलं. कपाटाची किल्ली त्यांच्याकडून काढून घेतलीत. पिशवी जमिनीवर ओतलीत. दुसऱ्या दिवशी पाकीट हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात निघालं. ते तिथे तुमच्यातल्याच एकीने ठेवलं होतं. मग त्या बाईंना काय सांगितलंत? "मावशी, जरा गैरसमज झाला."

गैरसमज झाला नाही, तुम्ही तो केलात. चित्त समजुती कशा रचतं हे शिकायला तुम्ही इथे येता, फी भरून येता, पहाटे उठून येता. तेव्हा आज हीच समजूत उघडून बघू. पुस्तकातली दुसऱ्या कुणाची नको. तुमची, सोमवारची.

खरं ज्ञान चित्तात तीन वाटांनी येतं असं सूत्रकार पतंजली सांगतात: प्रत्यक्ष, अनुमान, आगम. एकेक वाट बघू.

एकीने पाहिलं होतं की मावशी दुपारी कपाटापाशी उभ्या होत्या. हे प्रत्यक्ष आहे आणि ते खरंही आहे. त्या कपाटात सतरंज्या असतात, सतरंज्या काढणं-ठेवणं हे त्यांचं काम आहे, आणि रोज दुपारी त्या तिथेच असतात. डोळ्यांनी तुम्हाला एवढंच दिलं: मावशी, कपाट, दुपार. 'घेतलं' हे क्रियापद त्यात कुठून आलं? ते कुणालाही दिसलेलं नव्हतं. तरी संध्याकाळपर्यंत तुम्ही एकमेकांना सांगत होतात, "तिने पाहिलंय." काय पाहिलंय, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

बरं, दिसलं नाही तर अनुमान केलं म्हणाल. अनुमानाची व्यासांच्या भाष्यातली उदाहरणं आठवा. चंद्र आणि तारे एका जागेवरून दुसऱ्या जागी पोचतात, म्हणून ते गतिमान. विंध्य पर्वत दुसऱ्या जागी पोचत नाही, म्हणून त्याला गती नाही. इतकं साधं, कारण अनुमान टिकतं ते व्याप्तीवर. जिथे जिथे हे, तिथे तिथे ते. आता तुमची व्याप्ती सांगा. जो जो कपाटापाशी उभा राहतो तो तो पैसे घेतो? मग त्या दिवशी त्या कपाटापाशी कोण कोण गेलं होतं, याची यादी का केली नाहीत? त्या यादीत तुमचीच नावं जास्त निघाली असती.

यातही एक बारकावा आहे. तो मी शिकवला होता आणि तुमच्यापैकी दोघांनी पेपरात लिहिलाही आहे. अनुमान मुख्यतः सामान्य सांगतं. विशेष कळतं ते मुख्यतः प्रत्यक्षाने. 'गरजू माणसाला मोह होऊ शकतो' हे झालं सामान्य विधान. तेही मला मान्य नाही, कारण मोहाला गरज लागत नाही. पण घटकाभर खरं धरलं, तरी त्यातून 'या बाईंनी, या दिवशी, हे पाकीट उचललं' असं काहीही निघत नाही. सामान्यावरून थेट एका माणसाच्या गळ्यापर्यंत तुम्ही पोचलात, आणि मधे पाय ठेवायला कुठेही जमीन नव्हती.

राहिला आगम. "आधी त्या जिथे होत्या तिथेही काहीतरी झालं होतं म्हणे." हे वाक्य चौघांच्या तोंडी होतं. प्रत्येकाला मी वेगळं बोलावून विचारलं, कुणाकडून ऐकलंस? फिरत फिरत ते वाक्य पुन्हा पहिल्याकडेच आलं, आणि त्याला ते कुठे ऐकलं हे आठवत नव्हतं. आगम म्हणजे ऐकीव गोष्ट असं समजलात का? भाष्याची अट कडक आहे. सांगणाऱ्याने ती गोष्ट स्वतः पाहिलेली असावी किंवा नीट अनुमानाने जाणलेली असावी, आणि ते आपलं ज्ञान दुसऱ्याच्या ठायी पोचावं म्हणून त्याने ते शब्दांत सांगावं. ज्याने पाहिलं नाही, अनुमानही केलं नाही, अशाचा आगम तग धरत नाही. मोबाइलवर रोज सकाळी तुमच्याकडे जे येतं आणि तुम्ही न वाचता पुढे पाठवता, त्यालाही हीच अट लावून बघा. किती उरेल?

म्हणजे तिन्ही वाटा बंद होत्या. तरी समजूत आत आली, आणि नुसती आली नाही, तुमच्याकडून एका बाईची पिशवी ओतून घेतली इतकी ती बळकट होती. ते बळ प्रमाणाचं नव्हतं. मग कशाचं होतं?

आधी विकल्प बघा. शब्द आहे, शब्दाच्या मागोमाग एक ज्ञान उठतं, आणि त्या ज्ञानाला वस्तूच नाही. विकल्पाशिवाय आपलं बोलणं चालत नाही, हे मला मान्य आहे. भाष्यकार त्याला प्रमाणात धरत नाहीत आणि विपर्ययातही टाकत नाहीत. पण तुमच्यातला एकजण म्हणाला, "अशा लोकांचं असंच असतं." अशा लोकांचं म्हणजे कुणाचं? ही वस्तू मला दाखवा. मावशी दाखवता येतील, त्यांची बहीण दाखवता येईल, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला दाखवता येईल. 'असे लोक' दाखवता येणार नाहीत, कारण ते कुठे राहतच नाहीत. ते फक्त तुमच्या शब्दात आहेत. तरी या शब्दाने समोरच्या हाडामांसाच्या बाईला पुसून टाकलं. शब्द, वस्तू आणि ज्ञान एकमेकांत कालवले जातात, त्यामुळे घोटाळा होतो, असं सूत्रकार दोन वेगवेगळ्या पादांत दोनदा बजावतात, ते उगाच नव्हे.

मग स्मृती आली. मागच्या पावसाळ्यात एकाची छत्री गेली होती, ती तुम्हाला बरोबर सोमवारी आठवली. काय आठवलं तेही नीट तपासा. छत्री दिसेनाशी झाली, एवढाच तुमचा अनुभव. पण आठवण निघाली ती "छत्री चोरीला गेली" अशी. व्यासांनी विचारलंय की चित्त वस्तू आठवतं की त्या वस्तूचं झालेलं ज्ञान आठवतं, आणि उत्तर दिलंय की दोन्हींचा ठसा एकदम उमटतो. हे फार खोल आहे, घाईने पुढे जाऊ नका. छत्री गेली तेव्हा मनात जो संशय होता, तोही ठशात मुरला. वर्षभराने ठसा वर आला तेव्हा संशय संशयाच्या रूपाने आलाच नाही. घडलेली गोष्ट म्हणून आला आणि साक्षीला उभा राहिला. तुम्ही तुमच्याच जुन्या संशयाला नव्या संशयाचा पुरावा केलंत.

आणि हे सगळे सुटे तुकडे, दुपार, कपाट, म्हणे, छत्री, इतक्या झटकन एकत्र का आले? क्लेशांमुळे. अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश ही नावं उत्तरपत्रिकेत लिहायची असतात एवढंच तुम्हाला ठाऊक. द्वेष कशाच्या मागून येतो? दुःखाच्या अनुभवाच्या. गेल्या महिन्यात चपला घालून आत आलात म्हणून मावशी तुमच्यापैकी काहींना सगळ्यांदेखत बोलल्या होत्या. ते तुम्ही विसरलात असं तुम्हाला वाटतं, पण क्लेश निजलेलाही असतो आणि दबलेलाही, हेही त्याच सूत्रांत आहे. अस्मिता तर ठळक दिसते. ज्या मुलीने पाकीट हजेरीपटात ठेवलं, तिच्या मनात "मी कुठेतरी ठेवलं असेल" हा विचार शिरलाच नाही. आपल्या हातून असं होणारच नाही, हे तिच्यासाठी आधीच ठरलेलं होतं. मग चुकणारा दुसराच कुणीतरी लागतो. आणि आपल्या चुकीचं ओझं घ्यायला जी व्यक्ती उलट बोलणार नाही, तीच चित्ताला सर्वांत आधी दिसते. त्या मुलीचं नाव मी घेत नाही, आणि तुम्हीही तिच्याकडे बघू नका, कारण त्या क्षणी तुम्ही सगळे तिच्यासारखेच होतात.

आणखी एक. चित्ताचे नऊ अंतराय तुम्हाला पाठ आहेत. त्यांत संशय आहे आणि भ्रांतिदर्शनही आहे, दोन्ही वेगवेगळे मोजलेत. "पाकीट कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही" या वाक्यात तुम्हाला एक दुपार काढवली नाही. संशय टोचत होता, म्हणून तो संपवायला तुम्ही खोटं दर्शन जवळ केलंत. टोचणी थांबली, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यालाच तुम्ही खात्री समजलात. हे फक्त सोमवारी घडलं असं समजू नका. निवडणुकीत, लग्नं जमवताना, औषधं घेताना, आपल्या जातीबद्दल आणि दुसऱ्याच्या जातीबद्दल बोलताना माणूस हेच करतो. टोचणी थांबली की गोष्ट खरी ठरते.

परवा तुमच्यातला एकजण मला म्हणाला होता, "मॅडम, योग तर हेच सांगतो ना, की मन जसं मानेल तसं जग होतं. विश्वास ठेवला की घडतं." मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. योग असं काही सांगत नाही. हे वाक्य बाजारात विकलं जातं आणि त्यावर पतंजलींचं नाव चिकटवलं जातं, याचा मला संताप येतो. चौथ्या पादात नेमकं उलटं आहे. वस्तू एकच, चित्तं मात्र अनेक, म्हणून वस्तूची वाट निराळी आणि ज्ञानाची वाट निराळी. एकच गोष्ट एकाला सुख देते, दुसऱ्याला दुःख, तिसऱ्याला मोह, आणि ज्याला नीट दिसतं तो तिच्याबाबत मध्यस्थ राहतो. पुढचं सूत्र त्याहून स्पष्ट आहे. वस्तू कुणा एका चित्तावर अवलंबून नाही. त्या चित्ताने ती जाणली नाही, तर ती काय नाहीशी होईल? सोमवारी वर्गातली सगळी चित्तं मिळून मानत होती की पाकीट मावशींच्या घरी आहे. पाकीट हजेरीपटातच होतं. तुमच्या मानण्याने ते बोटभरही सरकलं नाही. रंगलं होतं ते तुमचं चित्त. लाल फुलाशेजारी ठेवलेला स्फटिक लाल दिसतो, तसं. आणि तुम्ही तो रंग मावशींचा समजलात.

"मग श्रद्धा कशाला सांगितली?" असं विचाराल. विचारा, हा प्रश्न योग्य आहे. श्रद्धा पहिल्या पादात आहे, पण एकटी नाही. तिच्यामागून वीर्य येतं, मग स्मृती, मग समाधी, मग प्रज्ञा. भाष्यकार श्रद्धेला चित्ताची प्रसन्नता म्हणतात. त्या प्रसन्नतेच्या बळावर माणूस कष्टाला उभा राहतो, आणि कष्टाच्या शेवटी स्वतः बघतो. श्रद्धा शोधाला बळ देते. शोध नको म्हणून जी धरली जाते तिला श्रद्धा म्हणू नका. शास्त्राने, अनुमानाने आणि आचार्यांच्या सांगण्याने कळलेलं खरंच असतं, असं मानणारे व्याससुद्धा पहिल्या पादाच्या पस्तिसाव्या सूत्रावर लिहितात की त्यातला एखादा अंश तरी स्वतःच्या इंद्रियांनी अनुभवाला आला नाही, तोवर सगळंच परोक्ष राहतं आणि बुद्धी दृढ होत नाही. म्हणून काहीतरी एक स्वतः पडताळून बघ, असं ते सांगतात. तुम्ही मात्र माझंही पडताळत नाही. मी सांगितलं, तुम्ही लिहिलं, संपलं. मला हा मान नको आहे.

पडताळणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर घाट चढून लोणावळ्याला जा. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली तिथे कैवल्यधाम सुरू केलं, त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढलं. परमहंस माधवदासांचे ते शिष्य. गुरूवरची त्यांची निष्ठा तुमच्या-माझ्या निष्ठेपेक्षा तसूभरही कमी नव्हती. तरी नौली करताना पोटात नेमकं काय होतं हे त्यांनी गुरूच्या शब्दावर सोडलं नाही. क्ष-किरण लावले, दाब मोजणारं यंत्र लावलं, आणि मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो हे मोजून दाखवलं. मग त्या निर्वाताला नाव दिलं माधवदासांचं. आधी मोजलं, मग गुरूचं नाव दिलं. हा क्रम मनात ठेवा. आपल्या ग्रंथालयात कृष्णाजी केशव कोल्हटकरांचं योगदर्शनावरचं जाडजूड विवरण आहे. त्यांनी त्या ग्रंथाला 'भारतीय मानसशास्त्र' असं नाव दिलंय. पतंजलींकडे मनाचं शास्त्र म्हणून बघा, एवढं त्या नावावरूनही कळायला हवं होतं. त्या पुस्तकाच्या कार्डावर तुमच्यापैकी एकाचीही सही नाही.

सगळं तपासून जगता येत नाही, हे मला कळतं. डॉक्टरांचं ऐकावं लागतं, नकाशावर विश्वास ठेवावा लागतो. म्हणूनच आगम हे प्रमाण आहे, शास्त्राने ते फेकून दिलेलं नाही. पण समजूत जितकी दुसऱ्याच्या जिवावर उठणारी, तितकी तपासणी कडक हवी. चहात साखर आहे की नाही, हे न तपासता बोललात तर बिघडत नाही. कुणाला चोर म्हणण्याआधी तपासावं लागतं. सत्याची व्याख्या काय शिकवली होती? जसं पाहिलं, जसं अनुमान केलं, जसं ऐकलं, तशीच वाणी आणि तसंच मन. शिवाय ती वाणी भूतमात्राच्या भल्यासाठी हवी, घातासाठी नको. यम-नियमांचा तक्ता भिंतीवर तुम्हीच रंगवून लावलाय. सोमवारी जे झालं ते त्याच तक्त्याखाली झालं.

आणि जे गप्प बसले, त्यांनी मान वर करा. "आम्ही काही केलं नाही" हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत. हिंसा केलेली असते, करवलेली असते आणि अनुमोदिलेलीही असते. लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने. सौम्य, मध्यम किंवा तीव्र. भाष्यकार तिचे 81 प्रकार मोजतात, ते अशासाठी की निसटायला कुणाला फट राहू नये. पिशवी ओतली जात होती तेव्हा तुम्ही सतरंजीच्या कडा सरळ करत होतात. त्या 81 मध्ये तुमची जागा आहे.

आता सर्वांत कठीण भाग. तुम्हाला वाटतं, पाकीट मिळालं, गोष्ट मिटली. डोळ्याच्या कडेला बोटाने दाबून चंद्राकडे बघा, चंद्र दोन दिसतात. चंद्र एकच आहे हे प्रमाणाने कळलं की दोन चंद्रांचं ज्ञान बाधित होतं, हे भाष्यातलंच उदाहरण. पण बोट तसंच दाबून धरलंत तर दोन दिसत राहतात की नाही? मावशी निर्दोष आहेत हे तुम्हाला कळलं, मात्र संस्कार गेलेला नाही. वृत्ती संस्कार घडवते, संस्कार पुन्हा तीच वृत्ती उठवतो, आणि हे चक्र अहोरात्र फिरतं. पुढच्या वेळी या इमारतीत काही हरवलं की तुमची नजर सगळ्यात आधी मावशींकडे वळेल. मी हे आजच सांगून ठेवते. छत्रीने सोमवार घडवला, तसा सोमवार पुढचं काहीतरी घडवेल. काहींच्या मनात तर आत्ताही चाललंय, "पण छत्रीचं काय?" तो संस्कारच बोलतोय. त्याला ओळखा, आणि प्रत्येक वेळी तो उठला की त्याच्यासमोर मुद्दाम उलटी बाजू ठेवा: मी काय पाहिलं होतं, आणि काय जोडलं होतं. हेच प्रतिपक्षभावन. डोळे मिटून गोड विचार करणं याला तुम्ही ते नाव देता, ते बंद करा. एकदा करून भागत नाही, दीर्घकाळ, खंड न पाडता, आदराने करायचं असतं. नाक धरून बसण्यापेक्षा हे अवघड आहे, म्हणून तर तुम्ही नाक धरून बसता.

उत्तरपत्रिका मी परत देणार नाही. त्याऐवजी प्रत्येकाने एक कागद लिहून आणायचा. सोमवारी तुम्हाला काय दिसलं, एवढंच. 'वाटलं', 'म्हणे', 'बहुधा' यांतलं काही नको. माझ्या अंदाजाने बहुतेकांना एकच ओळ लिहिता येईल, आणि मला ती एक ओळच हवी आहे.

त्याआधी खाली जायचं आहे. किल्ली मावशींच्या हातात द्यायची, टेबलावर ठेवायची नाही. गैरसमज झाला असं म्हणायचं नाही. काय केलंत ते सांगायचं: पिशवी उघडली, किल्ली काढून घेतली, चोर म्हटलं. त्या बोलल्या तर मधे बोलायचं नाही. नाही बोलल्या, तर "माफ केलंत ना?" असं विचारून त्यांच्याकडून सुटका मागायची नाही. ज्यांनी पिशवी ओतली ते पुढे, आणि गप्प बसलेलेही सोबत. मावशी साडेपाचला निघतात. उठा.